लाखेने बंद केलेला थेंब

नागपुरात डॉक्टरी शिकताना हिस्टॉलॉजीच्या वर्गात माझ्या वहीवर पहिली लाल फुली पडली ती यकृतामुळे. काचपट्टीवर यकृताचा काप होता, गुलाबी आणि जांभळ्या रंगात रंगवलेला, आणि त्याच्या मधोमध एक भेग गेली होती. मी ती भेग इमानेइतबारे काढली. सर बाकामागे येऊन उभे राहिले, वाकले आणि म्हणाले, "हे काय?"

"सर, दिसतंय तसं काढलं."

"यकृताला भेग नसते. ती काप करणाऱ्याच्या हाताची आहे. पेशीचं काय आणि हाताचं काय, हे ज्याला ओळखता येत नाही त्याने मायक्रोस्कोपला डोळा लावू नये."

बोलणं खोटं नव्हतं. शरीराचा तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, रंगात बुडवायचा आणि काचेवर चिकटवायचा. एवढ्या खटाटोपात तो आक्रसतो, दुमडतो, फाटतो, मधे हवेचा बुडबुडा शिरतो. त्यामुळे काय पाहायचं याच्याइतकंच काय पाहायचं नाही हेही शिकावं लागतं. माझ्या वर्गातल्या हुशार मुलांनी यावर सोपा उपाय काढला होता. मायक्रोस्कोपवर डोळा ठेवायचा आणि पुस्तकातलं चित्र वहीत उतरवायचं. त्यांची यकृतं देखणी यायची आणि गुणही चांगले पडायचे. मला ते जमत नसे. सद्गुण म्हणून सांगत नाही. माझं डोकं लहानपणापासून असं उफराटं. कुणी 'हे नाही' म्हटलं की मला तेच दिसायचं.

पण त्या विषयाने मला वेड लावलं होतं, हेही खरं. पहिल्याच आठवड्यात मी जिभेचा काप पाहिला आणि दुपारी खानावळीत जेवताना माझीच जीभ मला परकी वाटायला लागली. आतडं, कातडी, हाड, सगळी नावं गळून पडत आणि खाली फक्त पेशी उरत, एकमेकींना चिकटून बसलेल्या, कुणाच्या हुकमाविना आपापलं काम करणाऱ्या. गोंदियाच्या बाजूच्या शेतकऱ्याच्या पोराला हे बघायला मिळावं याचंच मला अप्रूप होतं.

लढाईचे दिवस होते. विलायतेहून येणारे रंग, पातळ काचा, काच चिकटवायचा बाल्सम, सगळ्याचीच टंचाई. ताज्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन वर पातळ काच ठेवली की कडेने हवा शिरते आणि थेंब वाळून जातो, म्हणून कडा बंद कराव्या लागतात. त्या बंद कशाने करायच्या, हा नागपुरात प्रश्न होता. मला नव्हता. आमच्याकडे पळसावर आणि कुसुमावर लाख होते, गोंदियाच्या बाजारात तिचे ढीग लागतात. मी घरून पुडी बांधून आणायचो, स्पिरिटात विरघळवायचो आणि बारीक काडीने काचेच्या चारी कडांवरून फिरवायचो. हवेचा कण आत जात नसे. मुलं मला 'लाखवाला' म्हणून चिडवत आणि गरज पडली की माझ्याच बाटलीशी येत.

आता माझ्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यापायी घडलं.

आम्ही पाच भावंडं. त्यातली दोन चालायला लागायच्या आत गेली, हातापायांच्या पाठी सुजून, पिवळी पडून. एक तापाने गेला. उरलो मी आणि माझ्या पाठची ही. हिच्या डोळ्यांत लहानपणापासून हळदीची झाक होती आणि मधूनच, गार पाण्यात भिजली की हमखास, हिचे हातपाय असे दुखत की ती जमिनीवर लोळायची. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात. हिचं दुखणं येतानाही हत्ती आणि जातानाही हत्ती. आज किंचाळणारी पोर चार दिवसांनी चुलीपुढे बसून भात उतरवताना दिसायची. मग लोकांना वाटायचं, एवढं दुखत होतं तर गेलं कुठे? अंगावर ना जखम, ना व्रण. वैदूने वात सांगितला, गावातल्या जाणत्याने बाहेरचं सांगितलं, शेजारणींनी ढोंग सांगितलं. तिला विचारलं तर म्हणायची, "हाडाच्या आतून कोनी मेख ठोकून राहिलं, दादा. वरून पाह्यशीन तं काहीच नाई."

तिचं लग्न चिचगडच्या बाजूला एका खात्यापित्या घरात झालं. नवरा साधा, कमी बोलणारा. सासरे नव्हते, कारभार सासूच्या हातात. त्या गावात धानाच्या रोवण्याची, म्हणजे भातलावणीची, एक रीत होती. मजूर लावायचे नाहीत. घराघरातल्या बायकांनी एका रांगेत उभं राहून आज याच्या बांधीत म्हणजे धानाच्या खाचरात, उद्या त्याच्या बांधीत रोवायचं. आणि ज्या घरची नवी सून रांगेत नाही, त्या घरच्या बांधीत दुसऱ्या बायका पाय घालत नसत. बाकी महाराष्ट्रात आषाढात नव्या सुनेला माहेरी धाडतात म्हणे. आमच्या धानाच्या मुलुखात आषाढात सुनेला कुणी सोडत नाही.

पहिल्या वर्षी ती रांगेत उभी राहिली. गुडघाभर गार पाण्यात, डोक्यावर पाऊस, दिवसभर वाकून. तिसऱ्या दिवशी तिला उचलून आणावं लागलं. आणि नेमकं काम संपता संपता दुखणं थांबलं. गावाने काय अर्थ काढायचा तो काढला. पुढच्या उन्हाळ्यात ती माहेरी आली तेव्हा तिच्याबरोबर निरोप आला होता: येत्या रोवण्याला सून उभी राहिली नाही तर दुसरी आणू. आमच्याकडे असे निरोप नुसते धमकीचे नसतात. शेजारच्याच घरात दुसरी आणलेली होती.

बाबा ओसरीत बसून म्हणाले, "दिल्या घरची झाली ते. आपन काय बोलाचं?" मला मात्र राग अनावर झाला. डॉक्टरी शिकणारा भाऊ घरात असताना बहिणीचं दुखणं खरं की खोटं हे रोवण्याच्या रांगेने ठरवायचं?

सुटीत मी गोंदियात एका बंगाली डॉक्टरांच्या दवाखान्यात हाताखाली काम करी. त्यांच्याकडे एक जुना पितळी मायक्रोस्कोप होता. डोळे अधू झाल्यापासून ते तो वापरत नसत. मी मागितला तेव्हा म्हणाले, "ले जाओ. मगर लेंस को अपनी धोती से मत पोंछना." मी तो लाकडी खोका मांडीवर घेऊन बैलगाडीतून कुडव्याच्या पलीकडे आमच्या गावी आणला. गावाला वाटलं मी बाजाची पेटी घेतली.

रक्त रंगवायचा रंग माझ्याजवळ नव्हता. म्हणून ताजाच थेंब घ्यायचा ठरवला. बोटाला सुई टोचताना बहीण म्हणाली, "दादा, रक्तात नाटक दिसते का रे?"

"दिसलं तर तुझ्या सासूला सांगतो."

"सांगजो. ते खूश होईन." आणि ती हसली. हसताना तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा जास्त दिसायचा.

थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली, कडेने लाख फिरवली. संध्याकाळच्या उजेडात पाहिलं तर तांबड्या पेशी होत्या, पुस्तकात असतात तशा बत्ताशासारख्या गोल. काही थोड्या लांबट वाटल्या, पण ते माझ्या हाताचं असेल म्हणून सोडून दिलं. सरांचा शिष्य होतो ना.

सकाळी पुन्हा डोळा लावला आणि माझा हात खोक्यावरच राहिला. गोल पेशी जवळजवळ नव्हत्याच. त्यांच्या जागी बारीक, वाकड्या, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशींची गर्दी होती. कापणीच्या आधी कुणी घरातले सगळे विळे अंगणात ओतून ठेवावेत तशी. मी काच हलवली, आरसा फिरवला, भिंग पुसलं. विळे तिथेच होते.

आईला बोलावून दाखवलं. तिला काय दिसलं ते तिलाच माहीत, पण ती घाबरली आणि म्हणाली, "आमचंही पाह्य मंग." तिचं घेतलं, बाबांचं घेतलं, माझं घेतलं. सगळ्यांवर तीच लाख, सगळे थेंब एका फळीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तिघांतही विळे होते. बहिणीइतके नाहीत, पुष्कळ गोल पेशींमधे विखुरलेले, पण होते. बाबा तर पहाटे नांगराची दुरुस्ती करत बसले होते. आई जन्मात कधी हातपाय दुखतात म्हणून निजली नव्हती. आणि मी? दिवसभर चालत गोंदियाला जाऊन येणारा गडी.

तेव्हा मी जो निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता. घरातल्या धडधाकट माणसांच्या रक्तातही पेशी वाकत असतील तर त्या रक्तामुळे वाकत नाहीत. माझ्या लाखेमुळे वाकतात. एकाच घरातल्या चार माणसांचं रक्त शेजारी शेजारी ठेवून मी जगाचा निवाडा केला. हे घर सोडून एखाद्या परक्याचं बोट टोचावं हे मला सुचलं नाही. आमच्या खेड्यात परक्याचं रक्त मागायची सोयही नव्हती म्हणा. लोकांनी मला करणी करणारा ठरवलं असतं.

सुटी संपायच्या आधीच जावई येऊन बहिणीला घेऊन गेला. मी नागपूरला परतलो. पण मनात ते विळे टोचत होते. आठवडाभर गप्प राहिलो आणि मग सरांना सगळं सांगितलं.

ते भर वर्गात म्हणाले, "म्हणजे तुझंही रक्त तसंच आहे?"

"हो सर."

"मग तू आजारी आहेस?"

"नाही सर."

"नाचता येईना अंगण वाकडं. स्लाइड बिघडली की रोग शोधायचा नसतो, हात सुधारायचा असतो." वर्ग हसला. त्याच तिरीमिरीत मी खोलीवर गेलो.

खोलीतला सोबती वऱ्हाडातल्या एका वकिलाचा मुलगा होता. लठ्ठ आणि सुखवस्तू. मी सुई घेऊन पुढे झालो तर म्हणाला, "रक्त घे, पण त्याच्या बदल्यात तुझा पोह्यांचा चिवडा माझा." चिवडा गेला. त्याचा थेंब आणि माझा थेंब एकाच काचपट्टीवर दोन टोकांना घेतला, एकाच बाटलीतल्या लाखेने दोन्हींच्या कडा बंद केल्या. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी प्रयोगशाळेत जाऊन पाहिलं. माझ्यात विळे होते. त्याच्यात एकही नव्हता. बत्तासे, नुसते बत्तासे.

मी ते पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. लाख दोघांची एकच होती, रक्तं वेगळी होती. म्हणजे बहिणीच्या हाडात मेख ठोकणारं काहीतरी खरंच होतं आणि ते मी पाहिलं होतं. मला इतका आनंद झाला की मी प्रयोगशाळेत एकटाच हसलो. मग आठवलं की ते माझ्यातही आहे आणि हसू थांबलं.

आज त्याला सिकलसेल म्हणतात. आमच्या भागातलं शाळकरी पोरही तो शब्द जाणतं. तेव्हा आमच्याकडे त्याला नावच नव्हतं. सरांकडे मात्र होतं. मी काचपट्टी घेऊन त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्यांनी बराच वेळ मायक्रोस्कोपमधून पाहिलं, कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यातल्या दोन ओळी वाचून दाखवल्या. अमेरिकेतल्या हबशी लोकांत असा एक विकार असतो. "हिंदुस्थानात हा होत नाही," ते म्हणाले.

"सर, हिंदुस्थानात कुणी पाहिला आहे का?"

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता हाकलतात. पण ते शांतपणे म्हणाले, "तुला काय हवंय?"

मी म्हटलं, एक कागद हवा. या मुलीला हाडांचा आजार आहे, तिने गार पाण्यात उभं राहू नये, एवढं लिहून खाली सही. पाण्यात उतरली की ती आजारी पडते हे आम्ही वर्षानुवर्षं बघतोय.

"मी सही कशाची करू? लाखेची?"

त्या माणसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. म्हातारा झालो, स्वतः दवाखाना चालवला, नको तिथे सह्या केल्या, हव्या तिथे नाकारल्या, तरी गेला नाही. पण खोटं कशाला बोलू? महिन्याभराने गावाकडून निरोप आला की बहीण रोवण्यात दोन दिवस उभी राहिली आणि आडवी झाली, तेव्हा याच सरांनी मला कारण न विचारता रजा दिली.

गोंदियाला उतरून डॉक्टरांकडून खोका घेतला. तिथून पुढच्या गाडीने आमगाव आणि आमगावहून देवरीच्या रस्त्याने कधी गाडी, कधी पायी. पावसाने उसंत घेतली नाही. माझ्या अंगावर कोरडं काही उरलं नव्हतं; खोका मात्र घोंगडीत गुंडाळून मी लेकरासारखा छातीशी धरला होता.

ती आतल्या खोलीत पडली होती. ओठ चावून चावून सोललेले. मला बघून म्हणाली, "तू कायले आला पान्यापावसाचा?" मग भिंतीकडे तोंड फिरवून रडायला लागली. मी तिच्या पायाला हात लावला तर ती ओरडली, इतकी की बाहेरची बैलं दचकून उभी राहिली.

सासूबाई ओसरीवर पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या मोजत होत्या. उंच, काटक बाई, आवाज खणखणीत. मला गूळपाणी दिलं आणि लगेच तोंड सोडलं.

"काम दिसलं का हिचे हाडं दुखतेत, बापू. जेवताना काऊन नाई दुखत? आमच्या घरची सून रांगेत नाई तं आमच्या बांधीत कोन उतरन? तुमी उतरान का?"

"उतरतो," मी म्हणालो. "पण मावशी, आधी तिचं रक्त बघा. त्यात आजार दिसतो. मी दाखवतो तुम्हाला."

"रक्त तं कोनाचंही असंच दिसन त्या नळीतून." त्यांनी खोक्यावर एक नजर टाकली. मग लेकाला हाक मारली. "माह्या पोराचं घ्या. दोघाचं बाजूबाजूनं ठेवा. मंग पाहू, कोनाचं कसं हाये ते."

सोबत्याच्या थेंबाने मला धडा दिला होता, त्यामुळे परक्याचं रक्त शेजारी हवंच होतं. आणि जावई आमच्या घरचा थोडाच? मी खुशीने तयार झालो. जावयाने बोट पुढे केलं आणि हळूच विचारलं, "मले काही होनार तं नाई ना?" मी म्हटलं, तुला काय होणार? तुझ्यासारख्या रेड्याला! तो लाजून हसला. दोन्ही थेंब एका काचपट्टीवर घेतले, लाख फिरवली आणि पट्टी कोनाड्यात ठेवली.

सकाळी पाऊस थांबला होता. अंगणात खोका मांडला, आरसा आभाळाकडे वळवला. मी आधी पाहणार होतो, पण सासूबाई पुढे सरसावल्या. पहिल्यांदा त्यांना काही दिसेना. "काराच कारा," म्हणाल्या, नुसता काळोख. मी दुसरा डोळा मिटायला शिकवला, भिंग जरा खाली घेतलं. त्यांनी दोन्ही हातांनी खोका धरला.

"इरे हायेत," शेवटी त्या म्हणाल्या. आमच्याकडे विळ्याला इरा म्हणतात. "किती इरे हायेत, माय वो. हे हिच्या आंगात फिरतेत?"

"हो. हेच हाडात अडकत असतील, म्हणून दुखतं. ढोंग नाही ते."

त्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. चेहरा उतरला होता. लग्न झाल्यापासून त्या पोरीला जे बोलल्या ते सगळं त्यांना आठवत असावं, असं मला वाटलं आणि मला फार बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "आता माह्या पोराचं दाखवा." आवाजात जरा पूर्वीचा तोरा आला.

मी पट्टी सरकवली. आधी मीच पाहिलं. गोल पेशी पुष्कळ होत्या. आणि त्यांच्यात, माझ्या आईच्या थेंबात होते तसेच, विखुरलेले विळे.

लपवावं असं क्षणभर मनात आलं, पण तोवर सासूबाईंनी मला बाजूला सारलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या बराच वेळ वाकून होत्या. सरळ झाल्या तेव्हा माझ्याकडे न बघता गोठ्यात गेल्या, बैलांपुढे तणस टाकलं, परत आल्या.

"यातही हायेत."

"थोडे आहेत, मावशी. त्याला काही त्रास नाही. माझ्यातही आहेत."

"गावात हे कोनापाशी बोलू नोका, बापू." त्यांनी पदर खोचला. आणि निकाल दिला. "हे बांधीत नाई उतरनार. तिच्या जागी मी उतरतो. बायायले सांगीन का सुनेले दिवस गेले, पहिल्या खेपेले पान्यात घालत नाई म्हनून."

दुसरी आणायची गोष्ट त्यांनी काढली नाही. कशी काढणार? ज्या कारणासाठी सुनेला घालवायचं ते कारण स्वतःच्या लेकाच्या बोटातून निघालं होतं. मी जिंकलो होतो. बहिणीचं घर राहिलं, पाणी टळलं, तिच्या दुखण्याला तिच्या सासूने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. सरांच्या सहीवाचून हे झालं याचा मला केवढा गर्व झाला!

तेवढ्यात आतून बहिणीचा आवाज आला. ती भिंतीला धरून दारापर्यंत आली होती.

"खोटं सांगा नाई लागत, आत्या. खरंच हाये. दोन महिने झाले."

सासूबाई धावल्या. तिला धरून ओसरीवर बसवलं, डोक्यावरून हात फिरवला, कानशिलांवर बोटं मोडली. जावई अंगणात उभा होता तो नुसताच इकडेतिकडे बघत राहिला. सगळ्यांचे चेहरे फुलले. त्या घरात त्या दिवशी तांदळाची खीर झाली आणि मामा म्हणून पहिली वाटी मला मिळाली.

मी ती वाटी तशीच बाजूला ठेवली. त्या काचपट्टीवर दोन थेंब शेजारी शेजारी होते, आईचा आणि बापाचा. माझ्या आईबाबांचेही असेच दोन थेंब मी उन्हाळ्यात पाहिले होते. दोघं धडधाकट, दोघांत थोडे थोडे विळे, आणि त्यांच्या पोटी हात सुजून गेलेली ती दोन लेकरं आणि ही. इथे तर एका बाजूला थोडे नव्हते, भरून होते. अनुवंशाचं मला फार कळत होतं असं नाही. वर्गात ते दोन दिवसांत उरकलं होतं. पण एवढा हिशेब कुणालाही जमला असता. भय म्हणजे काय ते मला त्या ओसरीवर कळलं. आणि सांगणार कुणाला?

निघताना ती दारापर्यंत आली. दुखणं उतरलं होतं. "दादा, तुले आनंद नाई झाला का?"

"झाला ना."

"मंग असा काऊन पाहून राहिला? लेकरू झालं का त्याचंही रक्त पाहून देजो. माह्यासारखं नसन ना?"

"नसेल," मी म्हणालो.

माघात मुलगा झाला. बाळंतपण अवघड गेलं, पण दोघं वाचली. मी नागपुरात पेढे वाटले, सरांनाही दिला. पोळ्याच्या सुमारास सासूबाईंचा निरोप आला: पोराला बरं नाही, या, पण तो खोका आणू नका.

मी खोका नेला नाही. गरजच पडली नाही. बाळाच्या दोन्ही हातांच्या पाठी फुगून चकाकत होत्या, डोळ्यांत हळद उतरली होती. सासूबाई कोंडा गरम करून त्याच्या मुठी शेकत होत्या, तो रडला की त्यांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं. बाप त्याला घेऊन अंगणात फेऱ्या मारायचा, परत आणून द्यायचा. शेजारच्या बायका येऊन चुकचुकत होत्या, उपाय सांगत होत्या, दृष्ट काढत होत्या. त्याला दुखतंय याबद्दल त्या घरात कुणाला शंका नव्हती.

बहिणीने त्याला मांडीवर घेतलं, त्याचा सुजलेला हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "पाह्य दादा, याले कोनी नाटक म्हनून नाई राहिलं."

हे ती समाधानाने म्हणाली.